देवगिरीचा मुग्धबोध

दौलताबादचा किल्ला पाहावयास येणारा प्रवासी चाँद मिनार पाहतो, खंदक पाहतो, अंधारीतून जाताना बरोबरच्या माणसाचा हात घट्ट धरतो आणि वर बारादरीपर्यंत पोचला की खालच्या मैदानाकडे पाहत दम खातो. रामदेवराव, अल्लाउद्दीन, महंमद तुघलक, मलिक अंबर ही नावे त्याच्या कानांवर पडतात. पण या किल्ल्याच्या छायेत एक थोर वैयाकरणही वावरला, आणि त्याच्या पुस्तकाने किल्ल्याहून अधिक मुलूख पाहिला, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही.

त्या वैयाकरणाचे नाव बोपदेव. वैद्य केशव यांचा हा पुत्र आणि पंडित धनेश यांचा शिष्य. यादवराजा महादेव आणि त्यामागून गादीवर आलेला रामदेवराव यांच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, देवगिरीचा करणाधिप हेमाद्री मोठा विद्याप्रेमी होता. आपण ज्याला हेमाडपंत म्हणतो आणि ज्याच्या नावावर राज्यातली सारी जुनी दगडी देवळे घालतो, तोच हा. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ त्याच्या नावावर आहे. या हेमाद्रीच्या आश्रयाने बोपदेवाने पुष्कळ लिहिले. त्यातले सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे 'मुग्धबोध'.

मुग्ध म्हणजे अजाण, नवखा. नवख्याला समज देणारे ते मुग्धबोध. पाणिनीची सूत्रे जवळजवळ चार हजार; ती पाठ करण्यात मुलाचे बालपण संपावयाचे. बोपदेवाने सुमारे बाराशे सूत्रांत संस्कृतचे व्याकरण बसविले. संज्ञासुद्धा त्याने छाटल्या. 'धातु' म्हणण्याऐवजी नुसते 'धु', 'वृद्धि' म्हणण्याऐवजी 'व्रि'. उदाहरणे मात्र हरिहरांच्या नामस्मरणाची घेतली, म्हणजे व्याकरण घोकता घोकता पुण्यही पदरी पडावे! शिकणाऱ्याची कीव येऊन लिहिलेली पुस्तके थोडी असतात. हे त्यांपैकी एक होय.

याच सुमारास देवगिरीच्या राज्यात दुसरीही एक गोष्ट घडत होती. चक्रधरस्वामींनी मराठीतून धर्म सांगितला होता. केशिराजबासांच्या मनात संस्कृतात ग्रंथ करावयाचे आले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडविले. संस्कृतात लिहिले तर आपल्या भोळ्या म्हाताऱ्या बाया नागवल्या जातील, असा त्यांचा आशय होता. पण गंमत अशी की, स्वामींच्या मराठी सूत्रांचा अर्थ नेमका लावण्याची वेळ आली, तेव्हा महानुभाव पंडितांना व्याकरणाची गरज भासली, आणि ते त्यांच्यापाशी होते ते संस्कृतचे. भीष्माचार्यांचे 'पंचवार्तिक' या गरजेतून झाले. मराठीच्या व्याकरणाची पहिली चर्चा म्हणून अभ्यासक याच पुस्तकाकडे बोट दाखवितात. संस्कृतच्या चौकटीतून मराठीकडे पाहण्याचा हा पहिला प्रयत्न.

माणूस नवी भाषा शिकू लागला म्हणजे कोऱ्या मनाने शिकत नाही. अगोदर शिकलेल्या भाषेचे व्याकरण तो दिव्यासारखे पुढे धरतो. प्रश्न एवढाच उरतो की दिवा कोणता, आणि त्याचा उजेड कोठपर्यंत पोचतो.

देवगिरीने हा प्रश्न पुढे अनेकदा पाहिला. १३१८ मध्ये यादवांचे राज्य संपले. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलविली आणि गावाचे नाव दौलताबाद झाले. दरबाराची भाषा फारसी झाली. मराठी माणसाने फारसी शब्द पोत्यांनी भरून घेतले, पण ते घेताना आपले व्याकरण सोडले नाही. फारसीत शब्दाला लिंगच नाही. मराठी माणसाला लिंगावाचून शब्द बोलताच येत नाही. म्हणून त्याने दारात आलेल्या प्रत्येक पाहुण्या शब्दाला लिंग बहाल केले. बाजार 'तो' झाला, जमीन 'ती' झाली, शहर 'ते' झाले. हे कोणी ठरविले, कोणत्या सभेत ठराव झाला? कोठेच नाही. मराठी घरातल्या अशिक्षित आजीच्या जिभेवर जे व्याकरण होते, त्याने हा निवाडा केला.

पुढे बहमनी गेली आणि निजामशाही आली. तिच्या अखेरच्या पर्वात दौलताबादच तिची राजधानी होती. या काळात पश्चिमेकडून, गोव्याच्या बाजूने, आणखी एक दिवा आला. तो होता लॅटिनचा. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला. याच फादर स्टीफन्सने मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ मध्ये छापले. त्याने कोंकणीचे व्याकरणही लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. भारतीय भाषेचे छापील व्याकरण म्हणून ते पहिले मानतात. लेखक इंग्रज, पुस्तकाची भाषा पोर्तुगीज, विषय कोंकणी आणि चौकट लॅटिनची! एवढी चार भाषांची खिचडी असूनही ती शिजली, याचे कारण पाहण्यासारखे आहे. लॅटिनमध्ये तीन लिंगे, कोंकणीतही तीन. लॅटिनमध्ये विभक्तीने नामाचे रूप पालटते, कोंकणीतही पालटते. स्टीफन्सने आपल्या मातृभाषेची, इंग्रजीची चौकट घेतली असती तर यांतले काहीच तिला पेलले नसते. दूरच्या गावाची वाट कधी कधी घरच्या दारातून निघत नाही, शेजाऱ्याच्या अंगणातून निघते.

१७७८ मध्ये रोम येथे पोर्तुगीज भाषेत मराठीचे एक व्याकरण छापले गेले. निजामशहा आणि आदिलशहा यांच्या राज्यांत चालणारी जी सर्वसामान्य मराठी, तिचे हे व्याकरण, असे त्याच्या नावातच म्हटले आहे. पुस्तक छापले तेव्हा निजामशाही बुडून जवळजवळ दीडशे वर्षे लोटली होती. दौलताबाद १६३३ मध्येच मोगलांच्या हाती गेले होते. राज्य बुडाले, पण रोममधल्या छापखान्यात आपली भाषा अजून त्याच राज्याच्या नावाने ओळखली जात होती.

इकडे बोपदेवाच्या पुस्तकाचे काय झाले? भट्टोजी दीक्षितांची 'सिद्धांतकौमुदी' आली आणि पाणिनीचे राज्य पुन्हा बळकट झाले. मुग्धबोधाला आपल्या जन्मभूमीत थारा उरला नाही. पण बंगालने त्याला उराशी धरले. नदियाच्या पाठशाळांत मुले मुग्धबोध घोकूनच पंडित होत. १८०५ मध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीने मराठीचे इंग्रजी व्याकरण छापले, ते याच बंगालात. वैजनाथ पंडितांसारख्या मराठी जाणकाराची साथ त्याला होती. १८४७ मध्ये बोटलिंग या जर्मन पंडिताने मुग्धबोध थेट सेंट पीटर्सबर्गला छापून काढला. देवगिरीचा बोपदेव रशियात पोचला, आणि पैठण-औरंगाबादकडच्या पोराला त्याचे नाव ठाऊक नाही!

बंगालात या कथेला आणखी एक वळण मिळाले. ईश्वरचंद्र विद्यासागर स्वतः कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजात मुग्धबोध शिकले होते. सूत्रांचा अर्थ कळण्यापूर्वी सूत्रे पाठ करण्याचे कष्ट त्यांनी सोसले होते. म्हणून १८५१ मध्ये त्यांनी संस्कृत व्याकरणाची 'उपक्रमणिका' बंगालीत लिहिली. जी भाषा मुलाला येते तिच्यातून, जी येत नाही तिच्याकडे न्यावे. बोपदेवाने सूत्रे कमी केली. विद्यासागरांनी भाषाच बदलली. दोघांच्या मनात कळकळ एकच होती.

आपल्याकडे प्रवाह उलटा वाहिला. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' निघाले. त्यांच्यापुढे नमुना होता लिंडले मरे याच्या इंग्रजी व्याकरणाचा. शाळेत आपण सर्वांनी शब्दांच्या आठ जाती पाठ केल्या आहेत: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. ही वाटणी आपली नव्हे. आपल्या यास्काचार्यांनी नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात अशा चारच जाती केल्या होत्या. मरे याने नऊ सांगितल्या; त्यांतले आर्टिकल मराठीत नाही, ते वगळले की उरतात आठ. विभक्ती मात्र आपण प्रथमेपासून संबोधनापर्यंत संस्कृतच्याच ठेवल्या. म्हणजे मराठी व्याकरणाचे घर असे झाले की, खांब विलायती आणि तुळया काशीच्या.

घर उभे राहिले, हे दादोबांचे मोठे उपकार. पण काही ठिकाणी ते गळू लागले. 'सीतेने आंबा खाल्ला' आणि 'सीतेने चिंच खाल्ली' ही वाक्ये घ्या. खाणारी सीता एकच, तरी क्रियापद आंब्याकडे आणि चिंचेकडे पाहून बदलते. कर्त्याप्रमाणे क्रियापद चालते हा इंग्रजी नियम येथे निरुपयोगी ठरतो. संस्कृतचा कर्मणि प्रयोग आठवला तरच उलगडा होतो. इंग्रजी 'प्रेपोझिशन' नावाप्रमाणे नामाच्या आधी येते. आपले 'वर', 'खाली', 'साठी' मागून येतात आणि नामाला वाकवून येतात. 'घर'चे 'घरा' होते, मग 'घरावर'. हे वाकणे, म्हणजे सामान्यरूप, इंग्रजीच्या चौकटीत बसतच नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी दादोबांच्या व्याकरणाची चिकित्सा केली. १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून घराची बरीच डागडुजी केली. तरी आठ खांब शाळेत अजून तेच आहेत. आणि विशेष हे की, मराठी मुलगे संस्कृत शिकले तेही रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या पुस्तकांतून, म्हणजे इंग्रजीच्या वाटेने. नाशिकहून पैठणला जाण्यासाठी लंडनचे तिकीट काढावे, तसे हे झाले.

हे सारे जुने पुराण आज कशाला, असे कोणी म्हणेल. पण आज छत्रपती संभाजीनगरातली, पुण्यातली मुले जर्मन, जपानी, स्पॅनिश शिकत आहेत, आणि ती बहुधा इंग्रजीच्या मार्फत. इंग्रजीचा उपयोग नाही असे नव्हे. स्पॅनिशमध्ये आर्टिकल आहे, 'प्रेपोझिशन' नामाच्या आधी येते, कर्त्यामागून क्रियापद आणि मग कर्म हा क्रमही बहुतेक इंग्रजीसारखाच. लॅटिनमधून दोन्हीकडे आलेले शेकडो शब्द तोंडओळखीचे निघतात. तेथे इंग्रजीचा दिवा चांगला उजेड देतो.

पण पुढे पाहा. स्पॅनिशमध्ये 'मला आंबा आवडतो' याला 'मे गुस्ता एल मांगो' म्हणतात. आंबे अनेक झाले की 'गुस्ता'चे 'गुस्तान' होते, जसे आपल्याकडे 'आवडतो'चे 'आवडतात' होते. इंग्रजीतून शिकणारा येथे अडखळतो. कारण त्याच्या भाषेत 'मी' कर्ता असतो आणि आंबा गप्प बसलेला असतो. मराठी मुलाला येथे शिकण्यासारखे काही उरतच नाही. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी' म्हणणाऱ्याला विशेषण लिंगाप्रमाणे का फिरते हे समजावून सांगावे लागत नाही. 'येईन' एवढा एकच शब्द बोलून 'मी' गाळणाऱ्याला 'आब्लो', म्हणजे 'मी बोलतो', यात 'मी' कोठे गेला अशी शंका येत नाही. तू आणि आपण यांतला भेद तर आईच्या मांडीवरच शिकून झालेला असतो. आणखी एक सूक्ष्म गोष्ट. 'मी घर पाहतो', पण 'मी पेद्रोला पाहतो'. वस्तूला प्रत्यय नाही, माणसाला आहे. स्पॅनिशमध्येही घर नुसते येते आणि पेद्रोच्या आधी 'आ' लागतो. इंग्रजीला हा भेद ठाऊक नाही. आपल्या आजीला ठाऊक होता, फक्त त्याचे नाव तिला ठाऊक नव्हते.

नाव ठाऊक असणे म्हणजेच व्याकरण. ज्याला मराठीतले कर्म, लिंग, प्रयोग नावानिशी ओळखता येतात, त्याच्या हाती एकाऐवजी दोन दिवे असतात. कोठे कोणता धरावयाचा हे तो पाहून ठरवितो. मराठीचे व्याकरण परीक्षेपुरते घोकून टाकून देण्याची जी चाल पडली आहे, तिच्यामुळे घरातला दिवा विझवून आपण शेजाऱ्याच्या दिव्यावर चालत आहो. नुकसान एकट्या मराठीचे नाही, पुढच्या प्रत्येक भाषेचे आहे.

बोपदेवाने नवख्याची कीव केली. स्टीफन्सने आपल्या मातृभाषेचा हट्ट सोडून जवळची पडेल ती चौकट घेतली. विद्यासागरांनी ओळखीच्या भाषेतून अनोळखी भाषेची वाट काढली. यंदा सुट्टीत मुलांना घेऊन दौलताबादला गेलात, तर खंदकाची खोली आणि मिनाराची उंची त्यांना जरूर सांगा. आणि घरी परतताना वाटेत त्यांना एवढेच विचारा की, 'मला लाडू आवडतात' या वाक्यात कर्ता कोण? जो मुलगा 'लाडू' म्हणेल, त्याला एक लाडू अधिक द्यावा. परभाषेची अर्धी वाट तो चालून गेला आहे.