आडनावांची वही : शंभर वर्षांपूर्वीचा जतचा बाजार

अत्तार, बागवान, तांबोळी, पिंजारी, मणेर, शिकलगार, मुलाणी, मोमीन. सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही मुस्लिम मोहल्ल्यात दहा घरे फिरलात तर यातली पाच-सहा आडनावे सहज भेटतील. ही नावे मोठ्याने वाचून पाहा. ती घराण्यांच्या यादीपेक्षा बाजारपेठेच्या पाटीसारखी वाटतात. सुगंधी तेले, मसाले आणि जडीबुटी विकणारा अत्तार. फळफळावळ पिकवणारा आणि विकणारा बागवान. पानाचा तांबोळी, बांगड्यांचा मणेर, धार लावणारा शिकलगार, कापूस पिंजणारा पिंजारी, माग चालवणारा मोमीन.

सत्ताधाऱ्यांची आडनावे बहुधा गावावरून पडतात. जतचे राजे डफळे मूळचे चव्हाण. डफळापूरच्या पाटीलकीवरून ते डफळे झाले. कारागिराचे आडनाव मात्र त्याच्या हातातल्या कामावरून पडते. डफळ्यांचा इतिहास लिहिला गेला, कारण त्यांच्याकडे सनदा होत्या. बाजारातल्या माणसाकडे सनद नव्हती, आडनाव होते. “तुम्ही मूळचे कुठले?” हा प्रश्न आपल्याला अधूनमधून विचारला जातो. त्याचे एक उत्तर जतसारख्या गावाच्या जुन्या बाजारात सापडते. म्हणून हा लेख.

माळावरचे संस्थान

जत हा माणदेश आणि विजापूर यांच्या मधला मुलूख. उघडा माळ, खुरटे गवत, बाभळी, आणि वीस इंचांच्या आसपास पाऊस, तोही लहरी. सटवाजीराव डफळ्यांना १६८० मध्ये विजापूरच्या आदिलशहाकडून इथली देशमुखी मिळाली. त्याआधी सात वर्षे, १६७३ मध्ये, जतजवळच्या उमराणीला प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाला कोंडीत पकडले होते, ते त्याच्या फौजेचे पाणी तोडून. या मुलखात पाणी हेच सर्वांत मोठे हत्यार आहे. पुढची अडीचशे वर्षेही हेच खरे ठरत आले.

१८२० मध्ये इंग्रजांनी डफळ्यांशी करार केला. सातारचे राज्य खालसा झाल्यावर जत थेट इंग्रजांच्या देखरेखीखाली आले. राजाच्या जुलमाच्या तक्रारी वाढल्या म्हणून १८७४ ते १८८५ अशी अकरा वर्षे इंग्रजांनी कारभारच आपल्या हातात घेतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जत आणि छोटे डफळापूर मिळून ९८० चौरस मैलांचा हा प्रदेश विजापूरच्या कलेक्टरच्या नजरेखाली होता. १९०१ च्या शिरगणतीत इथे ६८,६६५ माणसे होती आणि जत गावात ५,४०४. संस्थानचे अंदाजे उत्पन्न वर्षाला २४,००० पौंड. पौंडाला पंधरा रुपये हा तेव्हाचा दर धरला तर माणशी पाच रुपयांच्या जरा वर. त्या काळच्या इंग्रजी ज्ञानकोशात या संस्थानाबद्दल शेती, गुरांची पैदास आणि “महत्त्वाचे कारखाने नाहीत” एवढीच नोंद आहे.

कारखाने नव्हते हे खरे. पण पाच हजार वस्तीचे गाव काही हवेवर जगत नाही.

रेल्वे नसलेले गाव

त्याच काळात अमेरिकेत प्रेअरीच्या गवताळ माळावर शेकडो गावे उभी राहत होती. तिथे अनेकदा आधी रेल्वे आली, मग गाव. शेतकऱ्याने सकाळी धान्य घेऊन निघावे आणि दिवे लागायच्या आत घरी परतावे, अशा अंतरावर कंपन्या स्टेशने टाकत. स्टेशनाशेजारी धान्याचे कोठार, एक दुकान, एक बँक, की झाले गाव. मूळ रहिवाशांना हुसकून मोकळी केलेली ती जमीन होती, हेही विसरून चालणार नाही.

जतचे उलट होते. गाव जुने, बाजार जुना, रेल्वे मात्र लांब. एकीकडे मिरज, दुसरीकडे विजापूर. दोन्हीकडे १८८० च्या दशकात गाडी आली, पण जतला वळसा घालून. मिरज साधारण ऐंशी किलोमीटर. बैलगाडी एका रात्रीत वीस-पंचवीस किलोमीटर कापते. म्हणजे मिरजेला माल न्यायचा तर तीन-चार मुक्काम. १८९४ मध्ये मिरजेत डॉ. वानलेस यांचा मिशन दवाखाना सुरू झाला, तेव्हा आजारी माणसालाही याच रस्त्याने न्यावे लागे. १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली. तिच्यावर ‘जत रोड’ नावाचे स्टेशन आहे. नावातला तो ‘रोड’च सांगतो की स्टेशन जतला नाही, जतच्या वाटेवर आहे.

म्हणून जतचा बाजार दूरच्या भावावर कमी आणि शेजाऱ्याच्या गरजेवर जास्त चालला. कोकणातले मीठ घाट चढून येई. पूर्वी ते लमाणांच्या बैलांच्या पाठीवर येत असे. रेल्वेने लमाणांचा हा धंदा मोडला. बाकीचे बहुतेक सगळे आसपासच्या माळावरच तयार होई.

पायली, पेव आणि उधारी

इथले मुख्य पीक शाळू. पेरणी परतीच्या पावसावर, काढणी माघ-फाल्गुनात. त्याच्या जोडीला बाजरी, करडई, मटकी, हुलगा. धान्य वजनाने नव्हे, मापाने विकले जाई. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. गरिबाचा व्यवहार मात्र चिपट्या-मापट्यात. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. तरी बाजारातला बराच सौदा नाण्याशिवायच होई. ओंजळभर ज्वारी द्यायची आणि मिरची घ्यायची, अंडी द्यायची आणि तेल घ्यायचे.

उरलेले धान्य पेवात जाई. कोरड्या जमिनीत खोल खड्डा, आतून कडब्याचे अस्तर, तोंडावर दगड आणि चिखलाचा लेप. ओल नसलेल्या मुलखातच ही सोय चालते. पेव उघडल्यावर लगेच उतरायचे नाही. आत साचलेल्या वायूने माणूस दगावतो, म्हणून आधी दिवा सोडून पाहायचा. विझला तर थांबायचे. “अमक्याचे पेव फुटले” असे आपण आज सहज म्हणतो. त्या शब्दामागे साठवणीवर जगणारे असे मुलूख आहेत.

पेव सगळ्यांकडे नसे. ज्याच्याकडे नव्हते तो पावसाळ्याआधी सावकाराकडे जाई. बियाण्याला सवाईने धान्य मिळे, अडचणीच्या वर्षी दिढीने. म्हणजे एक मण नेले तर सुगीला सव्वा किंवा दीड मण परत. १८७५ मध्ये पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यातून १८७९ चा शेतकरी कायदा झाला. पण तो इंग्रजी मुलखातल्या जिल्ह्यांसाठी होता. संस्थानची वेस ओलांडली की शेतकऱ्याची कैफियत दरबारापुढेच.

एका मेंढीचा प्रवास

हा बाजार कसा विणलेला होता, ते एका मेंढीवरून कळते. जतच्या माडग्याळची मेंढी आजही प्रसिद्ध आहे. उंच, बाकदार नाकाची. तिला माळावर हिंडवतो धनगर. लोकर कातरली की घरातल्या बाया सूत काढतात. ते सूत जाते सनगराकडे. तो घोंगडी विणतो आणि चिंचोक्याची खळ लावून कडक करतो. घोंगडी म्हणजे पावसात छत्री, थंडीत पांघरूण, पाहुण्याला बैठक. पण विणायला न जमणारी आखूड लोकरही फुकट जात नाही. ती पिंजारी घेतो. पिंजून, भिजवून, तुडवून तो तिचे जाड बुरणूस आणि जेन करतो. ना माग, ना धागा. मेंढीचे मटण खाटकाकडे, कातडे चांभाराकडे किंवा ढोराकडे. याच माळावर रापवलेल्या चामड्याची मोट विहिरीतून पाणी उपसते.

धनगर, सनगर, पिंजारी, खाटीक, चांभार. एकाने काम थांबवले की पुढच्याची चूल अडते. ही माणसे एकमेकांवर फार प्रेम करत होती असे मला म्हणायचे नाही. जातीची उतरंड होती, शिवाशिव होती. बाजारात कोणी कुठे बसायचे हेही ठरलेले होते. ज्याच्या चामड्याच्या मोटेने विहीर चाले, त्यालाच त्या विहिरीवर पाणी भरता येत नसे. पण गरज खरी होती, आणि ती धर्म विचारून येत नव्हती.

सातारला इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. गावच्या बारा बलुत्यांची यादी देताना त्याने सुतार, लोहार, न्हावी, परीट, जोशी यांच्याबरोबर मुलाणीही धरला आहे. यात्रेचे बकरे कापायला मुलाणी लागे; त्याच्या हातचे असल्याशिवाय कित्येक हिंदू घरांतही मटण शिजत नसे. सुगीला खळ्यावर त्याचा वाटा बाजूला काढला जाई. तो पाहुणा नव्हता, मागणारा नव्हता. गावगाड्यातला हक्कदार होता.

खिलाराचा सौदा

माळाचे खरे धन मात्र खिलार बैल. पांढरा, काटक, लांब शिंगांचा, उन्हात चालणारा. मार्गशीर्षात जतच्या यल्लम्मादेवीची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर जनावरांचा बाजार. आदत, दुसा, चौसा, जुळलेला. बैलाचे वय दातांवरून ठरते. भाव मात्र तोंडाने ठरत नाही. घेणारा आणि हेडी रुमालाखाली हात धरतात, बोटे दाबून आकडा सांगतात. भोवती शंभर माणसे उभी असतात, पण सौदा दोघांनाच कळतो. मराठी आणि कानडी दोन्ही बोलल्या जाणाऱ्या या पट्ट्यात तिसरी भाषा बोटांची.

त्याच सुमारास बाजारात नवा माल येऊ लागला होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. त्याआधी बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले थोडे नांगर खपायला दोन वर्षे गेली. पुढे ओगलेवाडीचा प्रभाकर कंदीलही घरोघर गेला. नव्या मालाने काहींचे काम वाढवले, काहींचे काढून घेतले. जुने कारागीर काय करतात, याचे सुंदर उदाहरण मिरजेत आहे. हत्यारांची मागणी संपल्यावर तिथल्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे बनवायला घेतले. फरीदसाहेबांच्या घराण्याचे आडनावच पुढे ‘सतारमेकर’ झाले. तलवारीला धार देणाऱ्या हातांनी तारा जुळवल्या, आणि वहीत नवी नोंद झाली.

वही फाटते तेव्हा

हा बाजार मोडला तो आपसातल्या भांडणाने नाही. १८७६-७७ चा भीषण दुष्काळ पडला तेव्हा कारभार इंग्रजांच्याच हातात होता. राजा बदलला म्हणून पाऊस पडत नाही. मग १८९६-९७, मग १८९९-१९००, आणि मधल्या काळात दक्षिणेत पसरलेला प्लेग. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत संस्थानची लोकसंख्या चौदा टक्क्यांनी घटली. शंभरातली चौदा माणसे. काही मेली, काही गाव सोडून गेली. जनावरे आधी जातात, मग माणसे. दुष्काळात फक्त एका धंद्याला बरकत येते, ती कातड्याच्या. १९१८ मध्ये पाऊस हुकला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझा आला. पेवे रिकामी, मोट कोरडी, पिंजाऱ्याकडे लोकर नाही, मुलाण्याला खळ्यावर वाटा नाही. एकमेकांवर उभे असलेले सगळे एकदमच खाली बसले.

८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. १९४९ मध्ये जत दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले; त्याचेच पुढे सांगली झाले. राजा गेला, पोलिटिकल एजंट गेला, तहान राहिली. २०२२ च्या अखेरीस कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीसेक गावांवर हक्क सांगितला आणि दोन राज्यांत गदारोळ उठला. त्या गावांनी पूर्वी केलेल्या ठरावांमागे भाषेपेक्षा पाणी होते, हे मात्र ओरड्यात बुडाले. म्हैसाळ योजनेच्या पाण्याची वाट पाहून थकलेली ती माणसे होती.

भाषेवरून, धर्मावरून कोण कुठला हे ठरवायला निघालेल्यांनी एकदा जतच्या आठवडी बाजारात उभे राहावे. कानडीत भाव विचारणारी बाई बागवानाशी मराठीत घासाघीस करते, आणि तो दखनीत हसतो. या माळावर टिकून राहायची हिंमत ज्यांनी शेकडो वर्षे दाखवली, त्यांच्याकडे मूळचे असल्याचा आणखी पुरावा काय मागायचा? मुलांना आपल्या आडनावाचा अर्थ सांगा. त्यात आपल्या पूर्वजांचे काम आहे, आणि ते काम ज्यांच्या उपयोगी पडले त्या शेजाऱ्यांचीही नोंद आहे.