पटकी, लस आणि आतड्याची हाक
चोवीस तास मीटरने पाणी देणाऱ्या योजनेमुळे नावाजलेल्या कराडलगतच्या मलकापुराला दूषित पाण्यातून पसरणाऱ्या पटकीची ही कथा ऐकून कदाचित नवल वाटेल. परंतु देशावर पटकीचा फेरा आला की मरीआईचा गाडा शिवेपार लोटणे हाच जेव्हा रयतेचा मुख्य उपाय होता, त्याच काळात, १८९३ साली, जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिनने हिंदुस्थानात पटकीची लस टोचण्यास प्रारंभ केला. रोग आतड्यात आणि लस कातडीखाली, म्हणजे भलत्याच चावडीवर धाडलेले समन्सच! या विसंगतीचा उलगडा पुढे फार उशिरा झाला: आतड्याच्या अस्तरातून स्रवणारी सीसीएल-२५ आणि सीसीएल-२८ ही केमोकाइन नामक प्रथिने प्रतिपिंडे घडविणाऱ्या पेशींना तेथे पाचारण करतात, आणि ती हाक ओळखण्याची पात्रता त्या पेशींना तोंडावाटे दिलेल्या लसीने अधिक लाभते. केमोकाइनांचे असे पाचारण अनावर झाले, तर मात्र आतड्याच्या जुनाट दाहाला हातभार लागू शकतो.