टोपीखालचा इतिहास

माझ्या आजोबांना टक्कल होतं की नाही, हे मला सांगता येत नाही. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या घरात त्यांचा एकच फोटो आहे आणि त्यात त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी आहे. वडिलांचंही तसंच. टोपी उतरायची ती अंघोळीला आणि झोपताना. त्यांच्या डोक्याचा विचार माझ्या मनात आला तो दोन वर्षांपूर्वी, माझ्या पुतण्यामुळे.

पोरगा तेव्हा तेवीस वर्षांचा, मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला. बाविसाव्या वर्षी कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकू लागले आणि वर्ष सरता सरता माथाही विरळ झाला. बायोडेटाला जोडलेला फोटो पाहून दोन स्थळं पुढे सरकली नाहीत. एका रविवारी तो शहापूरला माझ्याकडे आला. चहाचा कप तसाच ठेवून म्हणाला, "काका, माझ्या वाटणीचं खाचर गहाण टाकतो नि केस बसवून घेतो. कल्याणात एक जण करून देतो म्हणतोय. आधी पाण्याने घालवले, आता निदान पैशाने तरी येतील."

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. डॉक्टर नाही. 'आठ दिवस थांब' एवढंच त्याला म्हणालो आणि वाचायला बसलो. हा लेख त्या वाचनातून झाला.

आधी पाण्याचं. आमच्याकडे केस गळण्याचं खापर सर्रास बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर फुटतं. त्यात एक जुना सल आहे. शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ पासून मुंबईची तहान भागवतं आहे, पुढे त्यात मोडकसागर आणि भातसाही आले, आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. पाण्यावरचा राग खरा आहे, पण केसांचा गुन्हेगार तो नव्हे. क्षार असलेल्या पाण्याने केस राठ होतात, तुटतात. मुळापासून टक्कल पडत नाही. पाणी वाईट असतं तर ते घरातल्या बायकांनाही लागलं असतं आणि कानामागचे केसही गेले असते.

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात अनेक गावांतल्या लोकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळाले. तिथेही पहिला संशय पाण्यावरच गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून रेशनच्या गव्हातल्या जास्त सेलेनियमकडे बोट दाखवलं. पण त्या साथीत बायका होत्या, लेकरंही होती. पुतण्याचं दुखणं निराळं होतं.

हे निराळेपण आपल्या जुन्या वैद्यांना ठाऊक होतं. सुश्रुताने 'इंद्रलुप्त' सांगताना लिहिलं की वातासह पित्त केस पाडतं आणि मग रक्त नि कफ रोमकूप बुजवून टाकतात, म्हणून तिथे पुन्हा केस उगवत नाही. वाग्भटाने पुढची खूण दिली: 'खलती'ची उत्पत्तीही तशीच, पण तिच्यात केस क्रमाक्रमाने जातात. इंद्रलुप्ताला काही जण 'चाचा' म्हणतात, असंही तो नोंदवतो. आपल्याकडे डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला की 'चाई पडली' म्हणतात, ते कानाला फार जवळचं वाटतं. चाई वेगळी, टक्कल वेगळं. हा भेद आजचं वैद्यकही मानतं. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, आणि पुष्कळदा केस आपोआप परत येतात. मग बिबा किंवा गुंजा चोळणाऱ्याला फुकटचं श्रेय मिळतं. तोच बिबा टकलावर चोळला तर कातडी भाजते, बाकी काही होत नाही. बांधावरचा माका तेलात उकळून लावला तर अपाय नाही, पण वेगाने पडणारं टक्कल त्याने थांबलेलं मी पाहिलेलं नाही.

मग आमच्या वाडवडिलांनी टकलावर काय केलं? बहुधा काहीच नाही. शेंडीपुरते केस ठेवून बाकी डोई करून घ्यायची रीत होती. बलुत्याचा न्हावी ठरल्या दिवशी यायचा आणि वस्तऱ्याखाली सगळी डोकी सारखी व्हायची. वर पागोटं, मुंडासं, पुढे टोपी. केस गेले काय नि राहिले काय, कळणार कुणाला? भर्तृहरीच्या नीतिशतकात उन्हाने पोळलेला टकल्या बेलाच्या झाडाखाली जातो आणि नेमकं त्याच्या डोक्यावर फळ पडतं. ती गोष्ट दैवाची आहे, रूपाची नाही. उलट टकल्या माणूस क्वचितच गरीब असतो, अशी समजूत होती.

केसांतला मान-अपमान समाज ठरवतो, हे न्हाव्यांइतकं कुणाला कळलं असेल? १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. आमच्या सलूनमध्ये संत सेना महाराजांच्या तसबिरीशेजारी भाई कोतवालांचा फोटो आहे. माथेरानच्या नाभिक घरात जन्मलेला हा वकील २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाडच्या सिद्धगडावर हिराजी पाटलांसोबत हुतात्मा झाला. त्याच सलूनमध्ये मी दुकानदाराला विचारलं, टकलाची तक्रार कधीपासून वाढली? तो म्हणाला, "गुरुजी, टोपी गेली तवापासून." मला याहून नेमकं उत्तर कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. टक्कल पूर्वीही होतं, ते दिसू लागलं आपल्या हयातीत. उघडं डोकं, घरोघरी आरसा आणि बायोडेटावरचा फोटो या तिघांनी मिळून त्याचा आजार केला.

पण 'पूर्वी कुणाला लाज नव्हती' असं सांगून तेवीस वर्षांच्या पोराचं समाधान होत नाही. म्हणून पुढचा इतिहासही वाचला.

१९४२ साली अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवलं की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण निकामी झाले त्या पुरुषांना टक्कल पडत नाही. त्यांना पुरुषी संप्रेरक दिलं, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडू लागतं. म्हणजे दोन गोष्टी लागतात, वंश आणि संप्रेरक. १९७४ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या काही पुरुषांत टेस्टोस्टेरॉनचं डीएचटीमध्ये रूपांतर करणारं विकर जन्मतःच कमी होतं. त्यांची प्रोस्टेट लहान राहत होती आणि टक्कल पडत नव्हतं. त्या धाग्यावरून फिनास्टेराइड आलं: १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम, १९९७ मध्ये टकलासाठी १ मिलिग्रॅम. दुसरं औषध मिनॉक्सिडिल. ते रक्तदाबाचं. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा ते डोक्याला लावून पाहिलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

मिनॉक्सिडिलचा हा उपयोग अपघाताने हाती लागला, पण मर्यादा दोन्ही औषधांना आहेत. आधी असलेले केस टिकतात, थोडे परत येतात. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात आणि पूर्ण अंदाज वर्षाने येतो. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिले काही आठवडे उलट जास्त केस गळतात. तिथेच बरेच जण घाबरून बाटली फेकतात. औषध थांबवलं की मिळवलेलं काही महिन्यांत जातं. फिनास्टेराइडच्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी औषध घेणाऱ्यांत ३.८ टक्के आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्के होत्या. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हाही त्याचा दुष्परिणाम असल्याचं नोंदवलं. म्हणून ही गोळी मित्राच्या सांगण्यावरून घ्यायची नसते, आणि मन खचलेल्या मुलाच्या बाबतीत तर डॉक्टरांना तेही सांगायचं असतं.

खाचर वाचवलं ते केस रोवण्याच्या इतिहासाने. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये दाखवलं की मागच्या बाजूचे केस पुढे लावले तरी ते मागच्याच गुणाचे राहतात, गळत नाहीत. सगळी शस्त्रक्रिया या एका गोष्टीवर उभी आहे आणि तिचा धोकाही तिथेच आहे. रोवलेले केस टिकतात, पण त्यांच्या मागचे मूळचे केस गळतच राहतात. तेविसाव्या वर्षी, गळती जोरात असताना पुढची रेघ भरली, तर काही वर्षांनी पुढे केसांचं बेट आणि मागे माळरान. डोक्यामागचं बियाणं मोजकंच असतं. ते एकदा पेरलं की संपलं. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही शस्त्रक्रिया प्रशिक्षित डॉक्टरनेच करावी, असं बजावलं. पुतण्याला भेटलेला 'करून देणारा' डॉक्टर नव्हता.

आठ दिवसांनी तो आला तेव्हा मी त्याला बियाण्याचं उदाहरण दिलं. भातशेतीतला पोरगा, त्याला पटकन कळलं. "म्हणजे पाऊस थांबल्याबिगर लावणी नाय करायची?" "पाऊस म्हण की पूर म्हण," मी म्हणालो. मग आम्ही दोघे त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी ताप येऊन गेला का, थायरॉइड, रक्त कमी आहे का, हे पाहिलं. डेंग्यू-टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी भराभर गळणारे केस परत येतात, त्यासाठी औषधांची गरज नसते. त्याचं तसं नव्हतं. औषधं सुरू झाली, दुष्परिणाम समजावून सांगून.

आज दोन वर्षं झाली. कोपरे भरले नाहीत. माथा जिथे होता तिथे थांबला आहे. खाचर अजून त्याच्या नावावर आहे आणि यंदा त्यात भात उभा आहे. बायोडेटावर त्याने नवा फोटो लावला, केस बारीक कापून, सरळ समोर पाहणारा. गेल्या महिन्यात एक स्थळ घर पाहून गेलं. मुलीच्या वडिलांनी जाताना आमच्या ओटीवरचा आजोबांचा फोटो निरखला आणि म्हणाले, "टोपी शोभते हो यांना."

पुतण्या माझ्याकडे बघून हसला.