ठिणगीचें वेटोळें

इंजिनाच्या पोटांत पेट्रोलची वाफ व हवा भरली, दट्ट्यानें ती दाबलीहि. परंतु नेमक्या क्षणीं ठिणगी पडली नाहीं, तर सारेंच व्यर्थ. ही ठिणगी पाडण्याची विद्या मोटारीहून जुनी आहे. पॅरिसमधील रूमकॉर्फ यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जें वेटोळें नांवारूपास आणलें, त्यांत लोखंडी गाभ्याभोंवतीं जाड तारेचे थोडे आणि बारीक तारेचे असंख्य वेढे असत. जाड तारेंतील प्रवाह एकाएकीं तोडला, कीं बारीक तारेंत हजारों व्होल्टांचा दाब उसळे. हेंच वेटोळें पुढें बॅटरीसह रस्त्यावर धांवूं लागलें.

पण बॅटरी त्या काळीं बेभरंवशाची. १९०२ सालीं बॉश यांच्या कारखान्यांत होनोल्ड यांनीं उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला आणि फटफटीवाल्यांनीं बॅटरीस रामराम ठोकला. १९१४ च्या ऑगस्टांत युद्ध पेटलें, तेव्हां ब्रिटनला उमगलें कीं, आपल्या लष्करी वाहनांची ठिणगी शत्रूच्या घरची आहे! मग तेथील कारखानदारांची घाईनें धांवपळ झाली.

वेटोळें परत आलें तें बॅटरी सुधारल्यावर. ट्रायंफच्या ‘स्पीड ट्विन’नें १९५३ सालीं मॅग्नेटो सोडला, १९६३ पासून त्या कंपनीच्या ६५० घनसेंटिमीटरच्या गाड्यांना दोन नळकांड्यांसाठीं दोन वेटोळीं मिळालीं. प्रथम वीज ६ व्होल्टची होती, पुढें १२ व्होल्टची झाली; आणि जुनी गाडी जपणाऱ्यांची खरी अडचण येथेंच सुरू होते. दोन्ही वेटोळीं दिसावयास जुळीं भावंडेंच. मात्र ६ व्होल्टच्या वेटोळ्याच्या जाड तारेचा रोध दीड ओहमच्या आसपास, तर १२ व्होल्टच्याचा तीनच्या वर. १२ व्होल्टला तीन ओहमनें भागल्यास प्रवाह चार अँपिअर येतो. तो पॉइंटांस सोसतो. दीड ओहमचें वेटोळें तेथें जोडलें, तर प्रवाह आठांवर जातो, वेटोळें तापतें आणि पॉइंट जळतात. उलट, १२ व्होल्टचें वेटोळें ६ वर चालविल्यास जळत कांहींच नाहीं, पण ठिणगी दुबळी पडते आणि थंड सकाळीं किक मारतां मारतां पाय दुखून येतो. संधारित्राच्या आधारें चालणाऱ्या अलीकडील प्रणालीचीं वेटोळीं तर एक ओहमहूनहि कमी रोधाचीं असतात. तीं पॉइंटांच्या गाडीस मुळींच लावूं नयेत.

दोन तोंडांच्या वेटोळ्याची गोष्ट निराळी. त्याच्या दोन्ही टोंकांस एकाच वेळीं ठिणगी पडते. दोन्ही दट्टे बरोबरीनें वर येणाऱ्या इंजिनांत एक ठिणगी कामास येते, दुसरी जळालेल्या वायूंत वायां जाते. तेंच वेटोळें एका नळकांड्याच्या गाडीस लावावयाचें झाल्यास रिकामें तोंड इंजिनाच्या धातूस जोडावें लागतें. तें मोकळें ठेवल्यास वीज आंतील वेष्टण फोडून वाट काढते.