मसाल्याची फेणी

फेणीत मुळ्या किंवा आख्खा मसाला मुरवून केलेले गोव्यातील मद्य. बेळगाव-खानापूरहून चोर्ला घाट आणि निपाणीहून आजरा-आंबोली अशा वाटांनी गोव्याशी रोजचा संबंध असलेल्या सीमाभागाला घरगुती मसालेदार मद्याचा सर्वांत जवळचा नमुना हाच.

काजूचे झाड पोर्तुगीजांनी 16व्या शतकात आणले. बोंडांचा रस आंबवून भट्टीवर चढवला की पहिल्या धारेचा सौम्य हुर्राक मिळतो; पुन्हा ऊर्ध्वपातन केल्यावर फेणी, साधारण 42 टक्के मद्यार्काची. माडाच्या सुरेचीही फेणी होते. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला.

प्रकारांत मानाचे स्थान दुखशिरीला द्यावे लागेल. दुखशिरी म्हणजे आपली उपळसरी किंवा अनंतमूळ. हिच्या मुळ्या स्वच्छ धुऊन, खडखडीत वाळवून फेणीत सोडतात. मुळीतील सुगंधी द्रव्य व्हॅनिलाच्या मुख्य घटकाचे रासायनिक भावंड आहे. त्यामुळे फेणीचा उग्र दर्प मवाळ होतो आणि रंगही चढतो. जिरे, दालचिनी, वेलची, लवंग घालूनही फेणी करतात. सुगंधी तेले पाण्यापेक्षा मद्यार्कात सहज विरघळतात, म्हणून मुरवायला हुर्राकापेक्षा फेणी सरस. मसाला आख्खाच घ्यावा. पुडीने मद्य गढूळ होते. लवंग दोन-तीनच पुरेत, नाहीतर बाकी सगळे वास ती दाबून टाकते. चव जमली की गाळून घ्यावे, मसाला आत राहू देऊ नये.

डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे येथील आक्वाव्हिट याच कुळातले. त्याला कॅरवे किंवा शेपूचे बी लागते. यांतले दुसरे म्हणजे आपल्याकडे बाळंतिणीला देतात ते बाळंतशेप. तिकडे घरोघरी तयार मद्यात रानातल्या वनस्पती मुरवतात, पण घरी मद्य गाळायला स्वीडनमध्ये 1860 पासून बंदी आहे.

आपल्याकडेही हा फरक जिवाचा आहे. भेसळीच्या हातभट्टीतील मिथेनॉलने दृष्टी जाते, जीवही जातो. विनापरवाना भट्टी लावणे कर्नाटकात 1965 च्या आणि महाराष्ट्रात 1949 च्या कायद्याने गुन्हा आहे. गोव्याची बाटली परवान्याविना हद्दीपार आणल्यासही कारवाई होते. मुरवण्यासाठी परवानाधारक दुकानातील सीलबंद मद्यच वापरावे.