नाणेसंग्राहकांची मंडळे आणि इतिहासाची साधने

नाणी जमविणे हा छंद होय आणि नाण्यांवरून इतिहास लिहिणे हे शास्त्र होय, असा भेद सामान्यतः केला जातो. व्यवहारात हा भेद उपयोगी असला, तरी भारतीय नाणकशास्त्राच्या वाटचालीकडे पाहिल्यास तो फार काळ टिकत नाही. या शास्त्राची प्रारंभीची उभारणी बव्हंशी संग्राहकांनीच केली आहे. तेव्हा विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. एकेकट्या माणसाचा संग्रह इतिहासाचे साधन केव्हा बनतो? या प्रश्नाचे उत्तर संग्राहकांच्या मंडळांच्या कार्यात शोधावे लागते.

डिसेंबर १९१० मध्ये अलाहाबाद येथे सहा संग्राहकांनी एकत्र येऊन ‘न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन केली. नेल्सन राइट, रिचर्ड बर्न, एच. आर. नेव्हिल व आर. बी. व्हाइटहेड हे चौघे मुलकी सेवेतील अधिकारी होते, रेव्हरंड जी. पी. टेलर हे अहमदाबादेतील मिशनरी होते. आणि सहावे होते मुंबईचे फ्रामजी ठाणावाला. विद्यापीठात इतिहास शिकविणारा यांत एकही नव्हता. बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाला १९०४ पासून नाणकशास्त्राची पुरवणी जोडली जाऊ लागली होती. संग्राहकांच्या टिपणांना त्यामुळे स्थान मिळाले होते. १९३९ पासून संस्थेचे स्वतःचे नियतकालिक निघू लागले. योगायोगाची गोष्ट अशी की, त्याच १९१० साली पुण्यात वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. दफ्तरे वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यास जाण्यापूर्वी मिळविली पाहिजेत, ही जशी एका मंडळाची निकड होती, तशी नाणी सोनाराच्या मुशीत जाण्यापूर्वी नोंदली पाहिजेत, ही दुसऱ्याची होती.

अशा मंडळांच्या बैठकीत जे चालते ते वरवर साधे दिसते. सभासद आपापली नाणी आणतात. ती तोलली व मोजली जातात. मुद्रालेख वाचला जातो. एकाच ठशाची दोन नाणी आहेत की काय, हे ताडून पाहिले जाते. दुबार नाण्यांची अदलाबदल होते. खऱ्याखोट्याचा निवाडा होतो, आणि क्वचित एखाद्या सभासदाचा मानभंगही होतो. तथापि या सर्वांतून एक गोष्ट साध्य होते. नाणे एकाच्या तिजोरीत राहिले, तरी त्याचे वर्णन सर्वांच्या मालकीचे होते. एकाने केलेले वाचन दुसऱ्याला तपासता येते. शास्त्राला लागते ते एवढेच.

या तुलनेचे मोल किती आहे, हे नाशिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या नाणेनिधीवरून स्पष्ट होते. त्यात तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती. ती सर्व मूळची क्षहरात क्षत्रप नहपान याची. पैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या निधीचा अभ्यास करून तो १९०८ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या शिलालेखात गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचे सांगितले आहे. मात्र त्या ठिकाणी नहपानाचे नाव नाही. ते नाव नाण्यांनी पुरविले. परंतु त्याहून महत्त्वाचा पुरावा निधीत जे नव्हते त्याचा आहे. नहपान व गौतमीपुत्र यांच्या दरम्यानच्या दुसऱ्या कोणाही क्षहरात राजाचे नाणे त्यात नाही. गौतमीपुत्राने ज्याचा पाडाव केला तो नहपानच असावा, किंवा निदान त्या दोघांत फारसे अंतर नसावे, हे अनुमान याच अभावावर आधारलेले आहे. हा निधी दहा सराफांच्या पेढ्यांवर विखुरला असता, तर पुन्हा ठसा मारलेली नाणी संग्रहालयांतून आजही दिसली असती. पण त्यांचे प्रमाण कळले नसते, आणि अभावाची साक्ष तर कायमचीच नाहीशी झाली असती. सुटे नाणे आपल्याविषयी सांगते. निधी आपल्या काळाविषयी सांगतो.

भाषाभ्यासाच्या दृष्टीनेही हे उदाहरण लक्षणीय आहे. नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिपी आढळतात. ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्याने एकेका नाण्यावर ग्रीक लेखाची थोडीच अक्षरे उमटलेली असतात. अनेक नाणी एकमेकांशेजारी ठेवल्यावर लेख जुळला, आणि तो ग्रीक भाषेतील नसून त्याच प्राकृत मजकुराचे ग्रीक लिप्यंतर आहे, हे ध्यानात आले. लिपी परकी, भाषा देशी, हा निष्कर्ष कितीही सुंदर अशा एका नाण्यावरून काढता आला नसता.

नेमकी हीच अडचण मराठेशाहीच्या शिवराईबाबत येते. दर्शनी बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि मागील बाजूस ‘छत्रपति’ असा मजकूर असलेले हे तांब्याचे नाणे शिवकालानंतरही दीर्घकाळ पाडले जात होते व एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालत होते. ते विपुल व स्वस्त असल्यामुळेच त्याकडे पुष्कळ काळ दुर्लक्ष झाले. संग्रहालये सोन्यारुप्याच्या नाण्यांना जपत असता, शिवराई शेरावर मोडीच्या भावाने विकली जात होती. तिचे नाना प्रकार वेगळे काढण्याचे चिकाटीचे काम मुख्यतः संग्राहकांनी केले. ‘शिव’ व ‘सिव’, ‘छत्रपति’ व ‘छत्रपती’ अशी भिन्न लेखने त्यातून पुढे आली; काही ठशांत अक्षरे उलटी खोदलेलीही आढळली. यावरून लगेच उच्चाराचा इतिहास लिहावयास बसणे धोक्याचे होईल. ‘सिव’ हा ठसे खोदणाऱ्याच्या बोलीचा अंश आहे, त्याच्या अल्पाक्षरतेचा परिणाम आहे, की एखाद्या टांकसाळीची रूढी आहे, हे ठरविण्यास त्या लेखनाची नाणी कोणत्या गावी व किती सापडली, हे ठाऊक असावे लागते. ही माहिती नाण्यावर कोरलेली नसते. ती सापडणाऱ्याने लिहून ठेवली तरच उरते.

येथे संग्राहकांच्या कार्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संग्राहकाच्या मागणीमुळेच बाजार उभा राहतो, आणि बाजाराला निधी फोडण्यातच लाभ असतो. चमक यावी म्हणून तांब्याचे नाणे चिंचेने घासले जाते, आणि अक्षरांबरोबर पुरावाही झिजतो. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या अधिनियमाने पुरावस्तूंच्या निर्यातीवरही निर्बंध घातले आहेत. पण गुप्तधन सरकारात जाईल या भीतीनेच पुष्कळदा स्थळाची माहिती लपविली जाते. कायद्याने वस्तू वाचू शकते. माहिती वाचविण्यास विश्वास लागतो, आणि तो निर्माण करणे स्थानिक मंडळालाच शक्य असते.

संग्राहक व अभ्यासक यांच्या सहकार्याने काय घडू शकते, याचा दाखला जोगळटेंभी ज्या जिल्ह्यात आहे त्या नाशिक जिल्ह्यातच मिळतो. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या नाणकशास्त्रज्ञाच्या व के. के. माहेश्वरी यांच्यासारख्या संग्राहकाच्या पुढाकाराने १९८० मध्ये स्थापन झालेली भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था पुढे अंजनेरी येथे स्थिरावली. माहेश्वरी व केनेथ विगिन्स यांचा मराठा टांकसाळी व नाणी यांवरील ग्रंथ तिनेच १९८९ मध्ये प्रसिद्ध केला.

तात्पर्य, छंद व शास्त्र यांमधील सीमारेषा मनुष्याच्या पदवीवरून ठरत नाही. ती नोंदीवरून ठरते. स्थळ, तारीख, वजन आणि सोबत सापडलेल्या नाण्यांची संख्या, एवढ्या चार गोष्टी लिहून ठेवणारा सभासद इतिहासाचे साधन सिद्ध करीत असतो. त्या न लिहिणारा संग्राहक, त्याचा संग्रह कितीही मौल्यवान असो, केवळ धातू सांभाळीत असतो. अशा नोंदी लिहून घेणे, तपासणे व प्रसिद्ध करणे हे काम विद्यापीठांतील विभागांनी कमी प्रतीचे मानता कामा नये. आज घराघरांतील डबे रिकामे होत असता ज्या नोंदी होणार नाहीत, त्या पुढील पिढीला कोणत्याही उत्खननात सापडणार नाहीत.