रुमालाखालचा सौदा आणि पडद्यामागचा लिलाव

उन्हाळ्यात हळदीच्या हंगामात हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात किंवा वसमतच्या बाजार समितीत गेल्यास हळदीचे ढीग ओळीने मांडलेले दिसतात. खरेदीदारांचा घोळका एका ढिगाकडून दुसऱ्या ढिगाकडे सरकत असतो. कोणी कांडी मोडून आतला रंग पाहतो, कोणी मूठभर कांड्या हातात खुळखुळवून त्या किती वाळल्या आहेत याचा अंदाज घेतो, आणि बोली सुरू होते. शेतकरी शेजारीच उभा असतो. मिळालेला भाव त्याला आवडेलच असे नाही. पण कोण किती बोलले हे त्याच्या कानावर पडते.

त्याच शेतकऱ्याच्या खिशातल्या मोबाईलवर दुसरा एक लिलाव चालू असतो. बातमीचे पान उघडताना, ते पुरते दिसण्यापूर्वीच, त्यावरील रिकामी चौकट कोणत्या जाहिरातीला द्यायची हे बोली लावून ठरते. साधारण एक दशांश सेकंदात हा सौदा उरकतो आणि त्यातली एकही बोली कोणाच्या कानावर पडत नाही. हे दोन लिलाव शेजारी ठेवून पाहिले तर इंटरनेटवरील जाहिरातींचा इतिहास बराचसा समजतो. शिक्षकांच्या खोलीत या विषयावर जी मते नेहमी ऐकू येतात (‘फोन आपले बोलणे चोरून ऐकतो’, ‘सगळे फुकट मिळते, मग बिघडले काय?’, ‘आपणच त्यांचा माल’) त्यांचा खरेखोटेपणाही तपासता येतो.

बाजारातला उघड लिलाव आपल्याला आज स्वाभाविक वाटतो, पण तो फार जुना नाही. पूर्वी सौदा रुमालाखाली होत असे. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचे हात धरत, वरून रुमाल किंवा उपरण्याचा पदर टाकत आणि बोटे दाबून भाव सांगत. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत याला ‘हत्ता पद्धत’ म्हटले आहे. ज्याचा माल विकला जाई, त्याला फक्त शेवटचा आकडा कळे. १९२६ साली नेमलेल्या शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात या प्रकाराची नोंद घेतली आहे. वजनकाट्यातली लबाडी, धर्मादायाच्या नावाने होणारी कपात, नमुना म्हणून काढून घेतलेला आणि पैसे न दिलेला माल अशा तक्रारींची ती यादीच आहे. त्यातले एक निरीक्षण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अडत्या नेमलेला असतो शेतकऱ्यासाठी, पण त्याचा कल खरेदीदाराकडे झुकतो. कारण खरेदीदार रोज भेटतो आणि शेतकरी कधीतरी. यात अडत्याच्या नीतिमत्तेचा प्रश्न दुय्यम आहे. बाजाराची रचनाच त्याला त्या बाजूला ओढत होती.

यावरचे उपाय हिंगोलीच्या अगदी शेजारी सुरू झाले. पैनगंगेपलीकडच्या वऱ्हाडात, आज वाशिम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथे, १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला. देशातला हा असा पहिला बाजार मानतात. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य होते. तेथे कृषी बाजारांचा कायदा होण्यास १९३० साल उजाडले. पुढे १९६३ च्या कायद्याने सर्व महाराष्ट्राला एक चौकट मिळाली. या सगळ्यांचा गाभा एकच होता: बोली उघड असावी, काटा तिऱ्हाइताच्या देखरेखीखाली असावा, अडतीचा दर ठरलेला असावा आणि शेतकऱ्याला हिशोबपट्टी मिळावी. हे नियम सगळीकडे पाळले जातात असे कोणी म्हणणार नाही. पण मोडले गेले तर बोट दाखवायला नियम तरी आहे.

आता जाहिरातींकडे वळू. ‘फुकट’ या कल्पनेचे मूळ इंटरनेटच्या कितीतरी आधीचे आहे. १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे याने ‘सन’ हे वृत्तपत्र एका सेंटला विकायला सुरुवात केली. अंकाचा खर्च वाचकाच्या पैशातून निघणार नव्हता. तो जाहिरातदाराकडून वसूल व्हायचा होता. म्हणजे वाचकाला अंक विकायचा आणि जाहिरातदाराला वाचकांचे लक्ष विकायचे, असा दुहेरी व्यवहार. आपल्याकडे जाहिरातसंस्थांची सुरुवात १९०५ मध्ये मुंबईत निघालेल्या बी. दत्ताराम आणि कंपनीपासून सांगतात. विविध भारतीवर व्यापारी जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवरून ऐकू येऊ लागल्या आणि दूरदर्शनवर १९७६ पासून दिसू लागल्या. या साऱ्या काळात जागेचा किंवा वेळेचा भाव दरपत्रकात छापलेला असे. स्तंभाच्या एका सेंटिमीटरला इतके, दहा सेकंदांना इतके. घासाघीस होई, पण लिलाव नव्हता.

इंटरनेटवरील पहिली ठळक पट्टीजाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकन संकेतस्थळावर झळकली. तीही दरपत्रकानेच विकली गेली होती. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी, म्हणजे जाहिरातींचा लिलाव हा प्रकार जिल्ह्यापेक्षा वर्षभराने मोठा आहे. १९९८ मध्ये बिल ग्रॉस या कॅलिफोर्नियातील उद्योजकाच्या ‘गोटू डॉट कॉम’ या कंपनीने शोधशब्दांचा लिलाव मांडला. ‘विमा’ असा शब्द कोणी शोधला, तर सर्वाधिक बोली लावणाऱ्याचे नाव सर्वांत वर. आणि पैसे द्यायचे ते वाचकाने टिचकी मारली तरच.

कल्पना चांगली होती, पण लिलावाचा नियम कच्चा होता. जिंकणाऱ्याने स्वतःची बोली तेवढीच्या तेवढी भरायची, असा तो नियम. त्यामुळे जाहिरातदार दिवसभर बोली खालीवर करत बसत. समोरच्यापेक्षा एक सेंट वर जायचे आणि तो थकून खाली आला की आपणही उतरायचे.

या दुखण्यावरचे औषध आधीच शोधून ठेवलेले होते. विल्यम व्हिक्री या कॅनडात जन्मलेल्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली एका शोधनिबंधात बंद पाकिटातल्या लिलावाचा एक नियम अभ्यासला: सर्वांत मोठी बोली लावणारा जिंकेल, पण पैसे भरेल ते दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके. (या कामासाठी त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि त्यानंतर तीनच दिवसांत त्यांचे निधन झाले.) हा नियम ऐकताच ‘मग मालकाचे नुकसान नाही का?’ असा प्रश्न वर्गातून येईल. हळदीचेच उदाहरण घेऊ. एका व्यापाऱ्याच्या हिशोबाने समोरचा ढीग क्विंटलला १४,००० रुपये मोलाचा आहे. समजा, त्याने मुद्दाम कमी म्हणजे १३,५०० लिहिले. प्रतिस्पर्ध्याचा आकडा १३,५०० च्या खाली असेल, तर जास्त लिहिले काय नि कमी लिहिले काय, भरायचे पैसे तेच. पण प्रतिस्पर्ध्याने १३,७०० लिहिले असतील, तर क्विंटलमागे ३०० रुपयांचा फायदा हातचा गेला. उलट त्याने चढवून १४,५०० लिहिले आणि प्रतिस्पर्ध्याचे १४,२०० निघाले, तर माल मिळेल, पण २०० रुपयांच्या तोट्यात. थोडक्यात, खरा आकडा लिहिण्यापेक्षा चांगली चाल उरतच नाही. मालकाचे नुकसान होईल असे वाटते खरे, पण लबाडीने बोली दाबण्याचे कारणच संपते.

गंमत अशी, की यार्डातला चढत्या बोलीचा लिलाव न सांगता हाच नियम पाळत असतो. शेवटचा प्रतिस्पर्धी १३,७०० ला थांबला, तर जिंकणारा त्याच्या किंचित वर थांबतो. मनात १४,००० असले तरी तो ते भरत नाही.

गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये सुमारे ३५० जाहिरातदारांना घेऊन आपली जाहिरातसेवा सुरू केली आणि २००२ मध्ये दुसऱ्या बोलीचा नियम स्वीकारला. त्यात एक भर घातली. केवळ बोली न पाहता, बोली गुणिले टिचकी पडण्याची शक्यता हा गुणाकार पाहायचा. समजा, ‘अ’ची बोली टिचकीला १० रुपये आणि त्याच्या जाहिरातीवर १०० पैकी एक जण टिचकी मारतो, ‘ब’ची बोली ६ रुपये, पण टिचकी मारणारे दोन. शंभर वाचकांमागे ‘अ’कडून १० रुपये आणि ‘ब’कडून १२. वरची जागा ‘ब’ला मिळते, आणि ‘अ’ची बरोबरी राखण्यापुरते, म्हणजे टिचकीला ५ रुपये त्याला भरावे लागतात. (अनेक जागा एकाच वेळी विकायच्या असल्या, की खरी बोली लावणे सर्वांत फायद्याचे राहत नाही, हे पुढे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, पण तो भाग येथे सोडून देऊ.)

येथे थोडे विषयांतर. बारावीनंतर पुण्याला किंवा हैदराबादला ‘संगणकात’ जाऊ पाहणारी मुले ‘कोणती भाषा शिकू?’ असे विचारतात. या लिलावाचे हृदय ज्या भागात आहे, तो संभाव्यतेचा आणि अर्थशास्त्राचा आहे. गूगलने २००२ पासून हाल व्हेरियन या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाचा सल्ला घेतला आणि पुढे त्यांना मुख्य अर्थशास्त्रज्ञ केले. संगणकाची भाषा लागतेच, पण ती बदलत राहते.

आता चोरून ऐकण्याविषयी. टिचकीची शक्यता आधी सांगायची, तर वाचकाविषयी माहिती हवी. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली याने ‘कुकी’ ही छोटी नोंद तयार केली, ती संकेतस्थळाला आपला ग्राहक पुन्हा ओळखता यावा म्हणून. जाहिरात कंपन्यांनी तीच नोंद हजारो संकेतस्थळांवर एका व्यक्तीचा माग काढण्यासाठी वापरली. जोडीला शोधलेले शब्द, ठिकाण, बसवलेली ॲप्स आणि एकाच वायफायवरची इतर माणसे. २०१८ मध्ये अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७,००० हून अधिक अँड्रॉइड ॲप्स तपासली. गुपचूप मायक्रोफोन चालू करून आवाज बाहेर पाठवल्याचे त्यांना आढळले नाही. काही ॲप्स मात्र पडद्याची चित्रे परस्पर पाठवताना सापडली. म्हणजे लोकांचे मत तपशिलात चुकते, पण मनातला संशय अनाठायी नाही. बोलणे न ऐकताही पुरेसे कळते.

‘आपणच माल’ हे वाक्यही निम्मेच खरे आहे. या बाजारात शेतकऱ्याच्या जागी आहे ते संकेतस्थळ, उदाहरणार्थ मराठी बातम्या देणारे एखादे छोटे पान. वाचकाची नजर हे त्याचे पीक. हळदीच्या कांडीला मात्र घरदार नसते, कर्ज नसते. भाव पडलेल्या वर्षी, पेरणीच्या तोंडावर कोणी मोबाईलवर ‘तातडीचे कर्ज’ असे शोधतो, तेव्हा पहिली चौकट त्याला सर्वांत कमी व्याज देणाऱ्याला मिळेल अशी कोणतीच तजवीज या लिलावात नाही. ज्याला त्या नजरेतून सर्वाधिक कमाई करता येते तो सर्वाधिक बोली लावू शकतो, आणि ही कमाई कधी कधी भरमसाट व्याजाची असते. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ मध्ये भारतीयांसाठी उपलब्ध असलेली सुमारे १,१०० कर्जॲप्स मोजली, त्यांतली ६०० बेकायदा होती. नियम काटेकोर पाळला तरी लिलाव एवढेच सांगतो, की कोण जास्त देतो. ‘फुकट, मग बिघडले काय?’ या प्रश्नाला माझे उत्तर येथे आहे.

राहिला अडत्या. गूगलने २००७ मध्ये ‘डबलक्लिक’ ही कंपनी ३१० कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले आणि २००८ मध्ये तो व्यवहार पुरा झाला. त्यानंतर संकेतस्थळांच्या वतीने जागा विकणारे साधन, जाहिरातदारांच्या वतीने ती घेणारे साधन आणि लिलाव चालवणारे विनिमयकेंद्र ही तिन्ही एकाच घरात आली. या विनिमयकेंद्रावर साधारण २० टक्के वळते होत. १७ एप्रिल २०२५ रोजी व्हर्जिनियातील संघीय न्यायालयाने निकाल दिला, की संकेतस्थळांसाठीचे साधन आणि विनिमयकेंद्र या दोन बाजारांत गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली आणि ही दोन्ही एकमेकांना बांधून ठेवली. जाहिरातदारांच्या बाजूचा आरोप मात्र न्यायालयाने मान्य केला नाही. १९२८ च्या अहवालातला अडत्या निदान यार्डाचा मालक नव्हता. २०२४ मध्ये गूगलच्या मूळ कंपनीचे एकूण उत्पन्न ३५,००० कोटी डॉलर होते आणि त्यातले सुमारे २६,४०० कोटी जाहिरातींचे. आपल्या संसदेने २०२३ मध्ये केलेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना उद्देशून जाहिराती दाखवण्यास मनाई करणारे कलम आहे. ते शिक्षकांनी मुळातून वाचावे.

हा सारा विषय वर्गात एका तासात करून पाहता येतो. एखादी वस्तू ठेवावी. प्रत्येक विद्यार्थ्याला एका चिठ्ठीवर वस्तूचे ‘त्याच्यासाठीचे मोल’ लिहून द्यावे आणि बोली दुसऱ्या चिठ्ठीवर घ्यावी. पहिल्या फेरीत जिंकणाऱ्याने स्वतःची बोली भरायची, दुसऱ्या फेरीत दुसऱ्या क्रमांकाची. दोन्ही फेऱ्यांत मोल आणि बोली यांतले अंतर किती होते, त्याची सरासरी फळ्यावर मांडावी. तिसऱ्या फेरीत नियम दुसरीचाच ठेवावा. पण चिठ्ठ्या एकाच विद्यार्थ्याने उघडायच्या, दुसरी बोली कोणाला दाखवायची नाही, जिंकणाऱ्याला फक्त भरायची रक्कम सांगायची, आणि त्या रकमेचा पाचवा हिस्सा चिठ्ठ्या उघडणाऱ्याने ठेवायचा. या फेरीच्या चिठ्ठ्या फाडू नयेत. वर्गातून त्या पाहायला मागतील, तेव्हा द्याव्यात.